सहाची जीप, बाराची बॅटरी आणि नानांचा डोळा

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन निवांत वाचा. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर, पिकअप किंवा जुनी जीप आहे त्यांनी तर शेवटपर्यंत वाचाच.

गेल्या आठवड्यात सकाळी बनकर फाट्यावर उभा होतो. रस्त्याच्या कडेला एक ट्रॅक्टर बंद पडलेला. पोरगा विशी-बावीशीचा, ट्रॉलीत कांदा भरलेला, चेहरा रडवेला. स्टार्टर मारला की नुसतं ‘टक्’ होई आणि मीटरचे दिवे मंद होत. तेवढ्यात कल्याणकडून आलेला एक मोठा ट्रक थांबला. ड्रायव्हर भला माणूस, लगेच केबल काढली. पण बरोबरचा क्लीनर म्हणाला, “दोन्ही बॅटऱ्यांवरून घ्या, चोवीसचा झटका दिला की एका दमात उठंल.” पोरगा चिमटे लावायला बॅटरीवर वाकला.

मी ओरडलो. इतक्या मोठ्यानं की टपरीवरची माणसं उठून आली. “हात काढ आधी!”

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की म्हाताऱ्याला काय झालं. का ओरडलो ते तिथं दोन वाक्यांत सांगता आलं नाही. म्हणून आज लिहितोय. त्याचं मूळ 50 वर्षांपूर्वीच्या आमच्या डिंगोऱ्यातल्या गोठ्यात आहे.

डिस्पोजलची जीप

आमच्या आजोबांनी माझ्या जन्माच्या आधी पुण्याहून मिलिटरी डिस्पोजलची जीप आणली होती. आजच्या पोरांना ‘डिस्पोजलची’ म्हणजे काय ते माहीत नसेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांच्या वर जीपा बनवल्या. ब्रह्मदेशाच्या आघाडीमुळे त्यातल्या कितीतरी आपल्या देशात आल्या. युद्ध संपलं, सैन्य परत गेलं, गाड्या इथंच राहिल्या आणि लिलावात निघाल्या. कुणी कंत्राटदारानं घेतली, कुणी बागायतदारानं, कुणी पुढाऱ्यानं. पुढे महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि मग ‘नवी’ जीपही मिळू लागली. पण खेड्यातल्या माणसाच्या आवाक्यात होती ती जुनी, डिस्पोजलचीच.

ओळखायची खूण सोपी. पुढच्या जाळीला उभ्या नऊ फटी असतील तर ती युद्धातली. महायुद्धानंतरच्या नागरी विलीजला आणि आपल्याकडच्या महिंद्राला सात. आमच्या जीपला नऊ होत्या. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, 2.2 लिटरचं, 60 हॉर्सपॉवरच्या आसपास. चावी फिरवून सुरू होणारी गाडी नव्हती ती. स्टार्टरचं बटण खाली पायाशी होतं, बुटानं दाबायचं. आणि बॅटरी होती 6 व्होल्टची.

ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे, म्हणून पुन्हा सांगतो. आज दुचाकीपासून ट्रॅक्टरपर्यंत आपल्याला 12 ची सवय आहे. पण त्या काळी बहुतेक अमेरिकन गाड्यांना 6 व्होल्टच असत. बॅटरीतलं एक घर म्हणजे साधारण 2 व्होल्ट. तीन घरं म्हणजे 6, सहा घरं म्हणजे 12. हिशोब एवढाच.

जीप आमच्या एकट्याची नव्हतीच. ओतूरच्या बाजारला माल, लग्नाला नवरदेव, निवडणुकीला कार्यकर्ते आणि रात्री-अपरात्री आजारी माणूस, सगळं तिच्यावर. चालवायचे माझे धाकटे चुलते. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो.

स्टार्टर कुठून आला

थोडं मागं जाऊ, कारण सगळी मेख इथं आहे.

सुरुवातीच्या मोटारींना स्टार्टर नव्हता. पुढून हँडल घालून इंजिन फिरवायचं. इंजिन उलटं फिरलं तर हँडल असा फटका द्यायचं की मनगट मोडायचं. आमच्या आजोबांचं उजवं मनगट शेवटपर्यंत वाकडं होतं, ते ह्याच जीपच्या हँडलमुळं. म्हणून जुने ड्रायव्हर हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचे, मुठीत आवळायचे नाहीत.

ह्यावर उपाय काढला अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरनं. हा माणूस आधी दुकानातलं गल्ला मोजायचं यंत्र विजेवर चालवायच्या कामावर होता. तिथं त्याच्या लक्षात आलं, की मोटर दिवसभर चालवायची नसेल, दोन-चार सेकंदच ओढायची असेल, तर छोट्या मोटरवर तिच्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त भार टाकता येतो. तापून जळायच्या आत काम झालेलं असतं. हेच डोकं त्यानं मोटारीला लावलं आणि 1912 च्या कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर आला.

आणि गंमत ऐका. त्या पहिल्या स्टार्टरला 24 व्होल्ट दिले जात आणि त्याच गाडीच्या दिव्यांना 6. म्हणजे जास्तीचा दाब फक्त स्टार्टरला, तोही घटकाभर, बाकी गाडीला नाही. शंभर वर्षांपूर्वी त्या माणसानं आखलेली ही रेघ आपण आजही पुसतो आणि मग गाडी जाळून घेतो.

1974 ची पौषातली रात्र

मी तेव्हा दहा वर्षांचा. आपल्याकडे पौषात माळशेजच्या अंगानं वारं सुटलं की काय गारठा पडतो ते तुम्हाला सांगायला नको. आईचे दिवस भरले होते. मध्यरात्री कळा सुरू झाल्या, सुईण म्हणाली माझ्या हातचं काम नाही, ओतूरला न्या.

नानांनी पाय दाबला. जीप ‘घों…’ म्हणून गप्प. थंडीत तेल घट्ट होतं, इंजिन जड फिरतं, आणि नेमकी थंडीतच बॅटरीची ताकद कमी होते. नानांनी पुन्हा पुन्हा दाबून होती नव्हती ती बॅटरी बसवली. मग हँडल मारलं. तिघांनी आलटून पालटून मारलं. पण बॅटरी साफ बसली की हँडल मारूनही उपयोग नसतो, कारण प्लगला ठिणगी पडायला लागणारा करंटसुद्धा त्याच बॅटरीतून येतो.

शेजारच्या वस्तीवर ट्रॅक्टर होता. त्याची बॅटरी दोघांनी खांद्यावर आणली. ती 12 ची. आजोबा म्हणाले, “नाना, ही सहाची गाडी हाय.” नाना म्हणाले, “आण्णा, आता सहा आन् बारा बघायची येळ हाय का?”

त्यांनी जीपची बॅटरी काढली, तिच्या जागी बारा बसवली. दिव्याचा खटका चालूच राहिला होता, अंधारात कुणाच्या लक्षात आलं नाही. वायर टेकवली आणि दोन्ही हेडलाइट असे पांढरेशुभ्र पेटले की गोठ्यातली जनावरं उठून उभी राहिली. पुढच्याच क्षणी ‘पट्’, सगळा काळोख. नानांनी बुटानं स्टार्टर दाबला. इंजिन असं गरगर फिरलं की मी आयुष्यात ती जीप तशी फिरलेली पाहिली नव्हती. आणि लागली!

दिवे गेलेले. एक चुलतभाऊ बॉनेटवर टॉर्च घेऊन बसला, दुसरा मडगार्डवर कंदील धरून. मागं आई, आजी आणि सुईण. तशी ती जीप ओतूरला पोचली. पहाटे माझी धाकटी बहीण जन्मली. आज ती दोन नातवंडांची आजी आहे.

तेव्हा मंडळी, मी कधीच म्हणणार नाही की सहाच्या गाडीला बारा लावणं म्हणजे पाप. त्या रात्री बारा होती म्हणून माझी आई आणि बहीण वाचली. पण गोष्ट इथं संपत नाही.

मिस्त्रींचा हिशोब

दोन दिवसांनी ओतूरचे मिस्त्री आले. (नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही.) त्यांनी बॉनेट उघडलं आणि एकेक वस्तू बोटावर मोजली. बल्ब गेले, कारण दाब दुप्पट झाला की सहाच्या बल्बमधून जवळजवळ तिप्पट ताकद जाते. इग्निशन कॉइल तापून तिच्यातलं डांबर बाहेर आलेलं. डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट करपलेले. पेट्रोलचा काटा गेला तो कायमचा.

“आणि स्टार्टर?” नानांनी विचारलं. मिस्त्री म्हणाले, “त्याला काय धाड भरलीय? तो चार सेकंद सोसतो. पण रोज असं केलं तर बेंडिक्स दात खाईल.” बेंडिक्स म्हणजे स्टार्टरच्या दांड्यावरचं ते छोटं दातेरी चाक. ते उडी मारून फ्लायव्हीलच्या कड्यात अडकतं. बाराच्या जोरानं ते हातोडीसारखं आदळतं. एक दिवस दात तुटतात, आणि कड्याचे तुटले तर अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो.

मग त्यांनी खरी मेख दाखवली. बॅटरी मुळात कमजोर नव्हतीच. आधी कुणीतरी बॅटरीपासून स्टार्टरला जाणारी जाड केबल बदलून बारीक टाकली होती, आणि चेसिसला बसलेली अर्थिंगची पट्टी गंजून हिरवी झाली होती. सहाच्या गाडीला तेवढ्याच कामासाठी बाराच्या दुप्पट करंट लागतो, दीडशे-दोनशे अँपियर, थंडीत त्याहून जास्त. म्हणून तिची केबल अंगठ्याएवढी जाड हवी. वाटेत 1 व्होल्ट गळाला तर बारातला बारावा हिस्सा जातो, पण सहातला थेट सहावा. नानांना बाराची गरज नव्हतीच. गरज होती एक केबल आणि पॉलिश पेपरच्या तुकड्याची.

सगळ्या जगानं 6 सोडून 12 का घेतलं, त्याचं कारणही हेच. अमेरिकेत 1955 च्या आसपास बहुतेक कंपन्यांनी एकदम बदल केला, कारण इंजिनं मोठी झाली, फिरवायला जड झाली, आणि तेवढा करंट वाहायला तांबं किती जाड घालणार? दाब दुप्पट केला की करंट निम्म्यावर येतो. आपल्याकडच्या जीपाही पुढे बाराच्या झाल्या. पण डिस्पोजलच्या गाड्या सहाच्याच राहिल्या, आणि गावात सगळ्या बॅटऱ्या बाराच्या झाल्या. भानगड तिथं सुरू झाली.

दुसरा हिवाळा

माणसाचं कसं असतं बघा. एकदा निभावलं की तो त्याला ‘आपली युक्ती’ म्हणायला लागतो.

पुढच्या हिवाळ्यात जीप पुन्हा अडली. ह्या वेळी कुणी आजारी नव्हतं, घाई नव्हती. नुसती तालुक्याला कागद द्यायला जायचं होतं. नानांनी दिवे आठवणीनं बंद केले, म्हणजे मागची चूक सुधारली. पण जीपची बॅटरी काढायचा कंटाळा केला. ती तशीच ठेवून तिच्यावरच ट्रॅक्टरची बारा दोन वायरींनी जोडली आणि हवेत ती बॅटरी थोडी ‘भरू’ दिली.

सहाच्या बॅटरीवर बारा टेकवली की ती भरत नाही, उकळते. आत पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. नाना वायर काढायला वाकले, वायर निघताना ठिणगी पडली.

आवाज बारासारखा झाला. एबोनाईटच्या डब्याच्या चिपळ्या गोठ्याच्या पत्र्यात घुसलेल्या मी पाहिल्यात. नाना तोंड धरून खाली बसले. कुणी म्हणालं तूप लावा, कुणी म्हणालं हळद. आजीनं कुणाचं ऐकलं नाही. जनावरांना पाणी पाजायच्या हौदात नानांचं डोकं धरलं आणि बादलीनं पाणी ओतत राहिली. डॉक्टर नंतर म्हणाले, त्या पाण्यानं उजवा डोळा वाचला. डाव्या डोळ्यावर सारा पडला तो पडलाच. नाना तेव्हा 34 वर्षांचे होते.

पुढं नानांनी जीप चालवली नाही.

बारातून सहा

मिस्त्री भेटायला आले तेव्हा नाना ओसरीवर पट्टी बांधून पडले होते. मिस्त्री काही बोलले नाहीत. ट्रॅक्टरची ती बाराची बॅटरी मागवून घेतली आणि आम्हा पोरांना जवळ बसवलं. तेव्हाच्या बॅटऱ्यांवर आजच्यासारखं बंद प्लॅस्टिकचं झाकण नसे. वर डांबर ओतलेलं आणि एका घरापासून दुसऱ्या घराला जाणाऱ्या शिशाच्या पट्ट्या उघड्या दिसायच्या. मिस्त्रींनी बोटानं मोजलं. “एक, दोन, तीन. इथं चिमटा लावला तर किती झाले?”

मी म्हणालो, “सहा.”

“मग बाराची बॅटरी आणली म्हणून बाराच लावायला कुणी सांगितलं होतं?”

एवढंच. आजही ते वाक्य कानात आहे. त्यांनी आणखी एक रीत सांगितली. बाराच लावायची वेळ आली तर वायर बॅटरीवर नाही, थेट स्टार्टरच्या बोल्टवर टेकवायची आणि दुसरी चेसिसला. पायाचं बटण दाबायचं नाही. म्हणजे बारा फक्त स्टार्टर खातो, आणि दिवे-कॉइल आपल्या सहावर राहतात. गाडी न्यूट्रलला, हात सुका, चार सेकंद, बस. आणि त्याआधी अर्थ कुठला ते बघायचं, कारण आमच्या जीपला निगेटिव्ह अर्थ असला तरी इंग्लंडहून आलेल्या बऱ्याच जुन्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असे.

चौथी शिकलेला माणूस होता तो. केटरिंगचं नावही त्यानं ऐकलं नसेल. पण 1912 साली त्या इंजिनिअरनं जे केलं, तेच हा आम्हाला गोठ्यात शिकवत होता: जास्तीचा दाब फक्त स्टार्टरला, तोही घटकाभर.

आता पुन्हा बनकर फाटा

सहाच्या गाड्या आता प्रदर्शनापुरत्या उरल्या. तालुक्यात एखादी असेल तर मला जरूर कळवा, बघायला येईन. पण खेळ तोच आहे, आकडे बदललेत. तेव्हा सहाला बारा लावायचो, आता बाराला चोवीस लावतो. मोठ्या ट्रकला बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 केलेले असतात. तो दाब ट्रॅक्टरवर टाकला तर स्टार्टर कदाचित सोसेल. पण बारावरच्या बॅटरीत उकळी, अल्टरनेटरचे डायोड, मीटर, सेन्सर… आणि नव्या पिकअपमध्ये तर इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर असतो. तो गेला की कांद्याच्या एका पट्टीत भागत नाही.

त्या दिवशी मी ट्रकवाल्याला म्हणालो, “भाऊ, इंजिन बंद करा. दोन बॅटऱ्या आहेत ना? ज्या बॅटरीची निगेटिव्ह चेसिसला आहे, त्या एकट्या बॅटरीवरून घेऊ.” बारातून सहा काढायचे तसे चोवीसमधून बारा. ट्रकला ट्रॅक्टर टेकलेला नाही ना ते पाहिलं. आधी ट्रॅक्टरच्या बॅटरीचे टर्मिनल कानशीनं घासले, त्यावर पांढरा थर बोटभर होता. मग:

1. लाल चिमटा बंद गाडीच्या पॉझिटिव्हला.
2. लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला.
3. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला.
4. काळ्याचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला नाही, तर इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटची ठिणगी पडते ती इथं पडू द्या.

काढताना उलट्या क्रमानं. तोंड कधीही बॅटरीवर नाही. विडी-सिगारेट लांब. ॲसिड डोळ्यात गेलंच तर तूप नाही, हळद नाही. पंधरा-वीस मिनिटं सलग स्वच्छ पाणी आणि तसंच दवाखाना.

ट्रॅक्टर दुसऱ्या प्रयत्नाला लागला. पोरगा पाया पडायला लागला. मी म्हणालो, “पाया माझ्या नको पडू, संध्याकाळी अर्थिंगची पट्टी साफ कर.”

माझी गावातल्या गॅरेजवाल्यांना, ट्रॅक्टर-पिकअपच्या मालकांना आणि ग्रामपंचायतीतल्या मंडळींनाही एकच विनंती आहे. नांगरट, पेरणी, फवारणी याची शिबिरं आपण घेतो. एक संध्याकाळ बॅटरीसाठी ठेवू. चौकात एक ट्रॅक्टर उभा करू, आयटीआय शिकलेली आपलीच पोरं दाखवतील. खर्च चहाचा. आणि प्रत्येक गॅरेजात एक चष्मा आणि पाण्याचा भरलेला कॅन असू द्या.

नाना आता 84 चे आहेत. ही पोस्ट टाकायच्या आधी त्यांना वाचून दाखवली. त्यांचं नाव टाकू का विचारलं, तर म्हणाले, “नाव नको. पण ल्ही की पहिल्या टायमाला मी चुकलो नव्हतो, दुसऱ्या टायमाला चुकलो.”

लिहिलं, नाना.